दांतांतील खुंटी

मुळाची चिकित्सा, म्हणजे लोकांच्या तोंडीं रुळलेलें ‘रूट कॅनाल’, झाल्यावर पोखरलेल्या दांतांत पोस्ट म्हणून जी खुंटी बसवितात, तींपैकीं सर्वांत मजबूत कोणती, असें एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे. आमच्या मतें घोटाळा या ‘मजबूत’ शब्दांतच आहे.

खुंटीनें दांत बळकट होतो ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती खरी नव्हे. वरचा भराव व त्यावरील टोपी यांना आधार देणें एवढेंच तिचें काम. तिच्यासाठीं मूळ जितकें कोरावें तितकें तें अशक्तच होतें.

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याच्या १७२८ सालच्या ग्रंथांत सोन्याचांदीच्या खुंट्यांचें वर्णन आहे. पूर्वीं लांकडाच्याही खुंट्या वापरीत. पण लाळेनें भिजून लांकूड फुगे आणि मूळच उकले. खडक फोडण्यासाठीं लांकडी पाचरी ठोकून त्या भिजवावयाच्या, त्यांतलाच हा प्रकार!

आतांच्या खुंट्या पाहूं. दांताचें मुख्य द्रव्य जें डेंटीन, त्याचा ताठपणा सुमारें १८ गिगापास्कल; टायटॅनियमचा ११०, स्टेनलेस स्टील व झिर्कोनिया यांचा २०० च्या घरांत. कांचतंतूंची खुंटी मात्र डेंटीनच्या पुष्कळच जवळ येते. चावतांना दांत किंचित् लवतो. ताठ खुंटी त्याच्याबरोबर लवत नाहीं, व सारा ताण मुळावर पडतो. प्रयोगशाळेंत धातूची ओतीव खुंटी पुष्कळदां अधिक भार सोसते खरी, पण अखेर मूळच उभें चिरतें, आणि मग दांत काढण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. तंतूंची खुंटी बहुधा आधीं सुटते किंवा मोडते. दांत वांचतो व दुसरी बसवितां येते. खुंटीसाठीं दांत कीं दांतासाठीं खुंटी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. रोग्यांवरील दीर्घकालीन पाहण्यांचे निष्कर्ष मात्र इतके एकमुखी नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे.

खुंटीच्या जातीपेक्षां अधिक महत्त्व आहे तें हिरडीच्या वर सभोंवार शाबूत उरलेल्या दांताच्या कांठाला. दीड ते दोन मिलिमीटर कांठ टोपीच्या कवेंत आला, तर दांत टिकण्याची आशा पुष्कळ वाढते. किंमतीची चौकशी करण्यापूर्वीं दंतवैद्यांस हा कांठ किती उरला आहे तें विचारावें. दाढेच्या बाबतींत तर खुंटी हवीच काय, असेंही विचारण्यास हरकत नाहीं. पुष्कळदां तिची आंतील पोकळीच भरावाला घट्ट धरून ठेवते.