गाण्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

गेल्या उन्हाळ्यात आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्याला आता संगीत व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. वडील म्हणाले, "सर, गावकीचे वाजवणे सोडले म्हणून माझ्या आजोबांवर गावाने बहिष्कार घातला. आणि पोरगा शिकूनसवरून पुन्हा वाजंत्र्यांतच जाणार?"

इतिहासाचा शिक्षक या नात्याने हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना. जन्माने गळ्यात अडकवलेले वाद्य उतरवून ठेवणे हा आपल्या मुक्तीचाच भाग होता. तथापि त्याच समाजाने पुढे स्वेच्छेने जलसे उभे केले. भीमराव कर्डकांच्या पिढीने बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून गावोगाव नेला आणि वामनदादांनी तो वारसा अखेरपर्यंत वाहिला. गाणे आपण पुन्हा मिळवले. त्याचा व्यवहार मात्र आपल्या हाती कधी आला नाही.

माझ्या परिचयातील एका वृद्ध शाहिरांनी कॅसेटच्या काळात एका कंपनीला आठ गाणी दिली. मोबदला म्हणून एकरकमी मानधन आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळाले. ज्या कागदावर त्यांनी सही केली तो इंग्रजीत होता. ती गाणी आजही जयंतीच्या मिरवणुकीत वाजतात.

त्या कागदावर काय लिहिलेले असते, हेच या अभ्यासक्रमात शिकवतात. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. गायकाचाही स्वतंत्र हक्क असतो. करार, प्रताधिकार, कार्यक्रमांचे नियोजन, इंटरनेटवरील वितरण आणि या साऱ्याचा जमाखर्च, असा तो विषय आहे. आपल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांचा भर गायन-वादनावर असतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात संगीत व्यवसायाच्या व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातही हा विषय आहे. १९१३ साली बाबासाहेब ज्या शहरात अर्थशास्त्र शिकावयास गेले, तेच हे शहर.

परदेशी शुल्क अफाट आहे. त्यासाठी शेत विकावे असे मी कोणाही पालकास सांगणार नाही. शिष्यवृत्ती मिळत नसेल तर येथेच विधी शाखेची पदवी घेऊन प्रताधिकार कायद्यात प्रावीण्य मिळवावे. माझ्या मते तो मार्ग कमी प्रतीचा नाही.

हा कायदा १९५७ चा. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे तो हक्क टिकतो. म्हणूनच बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन २०१६ साल संपल्यावर सर्वांसाठी खुले झाले. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. तो वारसांखेरीज किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही अशी संस्था मुंबईतच आहे. पण सभासद व्हावे लागते, गाण्यांची नोंद करावी लागते. आपल्या किती शाहिरांच्या घरी हे ठाऊक आहे?

चळवळीचे गाणे विकावे काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांची तळमळ मला मान्य आहे. मिरवणुकीत गाणाऱ्या पोरांकडून पैसे मागावेत, असे मीही म्हणत नाही. परंतु कॅसेट विकणाऱ्याने पैसे घेतलेच होते. शाहिराची विधवा औषधाला महाग असताना आपण त्यागाच्या गोष्टी कोणाला सांगणार?

वडिलांना मी इतकेच सांगितले की मुलाला माझ्याकडे पाठवा. तो आला. आपल्या विद्यालयाच्या कपाटातील जुन्या कॅसेटींची पेटी मी त्याच्यापुढे ठेवली आणि गीतकारांची नावे उतरवून काढावयास सांगितले. संध्याकाळी त्याने यादी दिली. कंपनीचे नाव प्रत्येक कॅसेटवर होते. गीतकाराच्या रकान्यात सहा ठिकाणी त्याला नुसती रेघ ओढावी लागली होती.