मापातले पाप आणि लेसरचा किरण

बांधावरचा साग विकायला काढला म्हणजे ओंडक्याभोवती दोरी फिरते. त्या दोरीची चौपदरी घडी घालावयाची, घडीच्या लांबीचा वर्ग करावयाचा, त्याला ओंडक्याच्या लांबीने गुणावयाचे आणि आलेल्या आकड्याला घनफूट म्हणावयाचे, ही 'चौथाई घेरा'ची रीत इंग्रजी अमदानीत लाकडाच्या व्यापारात रुजली. तिचे मूळ एडवर्ड हॉपस या इंग्रज गृहस्थाने १७३६ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत आहे. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असलेला ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. शाळेतील भूमितीप्रमाणे त्याच ओंडक्याचे घनफळ पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जाते. म्हणजे दर शंभर घनफुटांमागे सुमारे साडेएकवीस घनफूट लाकूड हिशेबात येतच नाही. साल आणि चौरस करताना निघणारी तासणी वजा जाते, असे या रीतीचे समर्थन केले जाते आणि ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ती तासणीही जळणाच्या भावाने विकली जातेच. सूट किती द्यावयाची हे विकणाऱ्याला सांगून, दरात दाखवून ठरले तर तो सौदा होय. मापातच मुरवली तर ते निराळे काही होते. मापात पाप म्हणतात ते हेच.

हे उदाहरण देण्याचे कारण असे की, झाडाच्या मोजमापाची एक नवी रीत आता जगभर स्थिरावत आहे आणि तिच्याकडे केवळ शास्त्रज्ञांचे खेळणे म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. लेसरचा पहिला किरण १९६० साली निर्माण झाला. त्यावर आधारलेल्या मोजणीचे तत्त्व अगदी साधे आहे. यंत्राने किरणाचा सूक्ष्म ठोका सोडावयाचा, तो वस्तूवर आदळून परतण्यास लागलेला वेळ मोजावयाचा आणि प्रकाशाच्या ज्ञात वेगावरून अंतर काढावयाचे. ३० मीटरवरील फांदीला स्पर्श करून किरण सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागात परततो. असे लक्षावधी ठोके चहूकडे सोडले, यंत्र झाडाभोवती चार-सहा जागी मांडले आणि सर्व नोंदी जुळविल्या, म्हणजे त्या झाडाचा बिंदूबिंदूंनी बनलेला आकार संगणकात उभा राहतो. मग बुंधा आणि फांद्या यांना लहानमोठ्या नळकांड्यांचे रूप देऊन एकूण घनफळ काढता येते. विशेष म्हणजे या सर्व प्रकारात झाडाला कुऱ्हाड लागत नाही.

आजवर उभ्या झाडाचे वजन सांगण्यास मार्ग एकच होता. काही झाडे तोडून, तोलून समीकरण बसवावयाचे आणि मग छातीइतक्या उंचीवरील जाडीवरून इतर सर्व झाडांचा अंदाज बांधावयाचा. हे अंदाज किती चुकू शकतात, हे दोन अभ्यासांनी दाखविले आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात निलगिरीची झाडे आधी लेसरने मोजून नंतर तोडून तोलण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार लेसरचा अंदाज प्रत्यक्षाहून सुमारे १० टक्क्यांनी अधिक भरला, तर रूढ समीकरणांचा ३० ते ३७ टक्क्यांनी कमी. ऑक्सफर्डनजीकच्या वायथम वनात याच मापाने दर हेक्टरी सुमारे ४१० टन वजन आढळले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा प्रचलित समीकरणांच्या अंदाजाच्या पावणेदोन पटींहून किंचित अधिक आहे. एका वनावरून सर्व वनांचा निवाडा करता येत नाही, हे खरे. तथापि मोठ्या, जुन्या वृक्षांना आपण कागदावर फार हलके लेखीत आलो असण्याचा संभव मात्र यातून उघड होतो.

हा प्रश्न आपल्या दारचाही आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला आणि त्यात वृक्षगणनेची तरतूद आहे. परंतु गणना म्हणजे मोजदाद. तीत शंभर वर्षांचा वड एक आणि गेल्या पावसाळ्यात लावलेले रोपही एकच. २०२१ सालच्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचा दंडक घातला. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण वय झाडावर कोरलेले नसते; ते बहुधा घेरावरूनच अजमावावे लागते. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील ३५६ झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ७४,५०० रुपये असे मूल्य सुचविले. या हिशेबाने ६० वर्षांच्या झाडाचे मोल ४४ लाख ७० हजार होते. झाडाला पैशात मोल आहे हे मान्य झाले, ही मोठीच गोष्ट होय. तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहते. ६० वर्षांचा विस्तीर्ण वड आणि ६० वर्षांचा सडसडीत सुरू यांचे मोल एकच कसे असेल? सावली, पानोळा, लाकडात साठलेला कर्ब हे सारे आकारावर अवलंबून असते, आणि आकार हीच तर लेसरने नेमकी सांगता येणारी गोष्ट आहे.

अर्थात यंत्रापुढे लोटांगण घालण्याचे कारण नाही. लेसरला पृष्ठभाग दिसतो, अंतरंग दिसत नाही. आतून पोखरलेला बुंधा त्याला भरीवच वाटतो. दाट पालवीआडच्या फांद्या निसटतात, वाऱ्याने हललेल्या बारीक डहाळ्या वाजवीपेक्षा जाड भासतात. लाकडाची घनता त्या त्या जातीवरून निराळीच घ्यावी लागते. आणि झाडाखाली भरणारा बाजार किंवा पारावरची पंचायत यांचे माप तर कोणत्याच किरणात सापडत नाही.

तथापि खरा प्रश्न माप कोणाच्या हाती राहणार हा आहे. २०२१ साली केंद्र सरकारने महाराष्ट्र आणि गोवा यांसह १० राज्यांतील सुमारे २ लाख ६२ हजार हेक्टर वनक्षेत्राच्या लेसर सर्वेक्षणाचे अहवाल प्रसिद्ध केले. वनात पाणी आणि चारा वाढविणे हा त्यांचा हेतू होता. २०२० पासून अशी लहान यंत्रे काही महागड्या मोबाइल फोनांतही आली आहेत. उद्या शेतकऱ्याच्या झाडांतील कर्बाचा भाव ठरू लागेल, तेव्हा माप घेणारा, आकडा सांगणारा आणि विकत घेणारा एकच असला, तर दोरीच्या जागी किरण आला एवढाच फरक पडेल.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह आताच धरला पाहिजे. रस्तारुंदीसाठी जुने वृक्ष तोडण्याची परवानगी देण्यापूर्वी त्यांचे लेसर मोजमाप व्हावे आणि हरकतींची मुदत संपण्याआधी ते नागरिकांना पाहता यावे. कर्बाच्या व्यवहारात मोजमापाची प्रत मालकाला विनामूल्य मिळावी आणि तपासणी त्रयस्थाने करावी. स्थापत्य अभियांत्रिकी शिकविणाऱ्या संस्थांतील विद्यार्थ्यांना दरवर्षी आपल्या तालुक्यातील काही जुने वृक्ष मोजण्याचे काम अभ्यासाचा भाग म्हणून द्यावे. यास लागणारा खर्च एका पुलाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

पॅरिसच्या नोत्र दाम या प्राचीन चर्चचे लेसरने मोजमाप कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी आगीच्या कित्येक वर्षे आधी करून ठेवले होते. एप्रिल २०१९ मध्ये छप्पर जळून कोसळले, तेव्हा ती नोंद पुनर्बांधणीस उपयोगी पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्चची दारे पुन्हा उघडली. इमारत मापावरून पुन्हा उभी करता येते. वड येत नाही. त्याचे माप तो उभा असतानाच घेतले पाहिजे, आणि ते घेतल्यावर तो तोडावा की नाही याचा विचारही अधिक जबाबदारीने करावा लागेल. ज्याची नोंद नाही त्याची हानीही सिद्ध होत नाही, हा कचेरीतला जुना अनुभव आहे. झाडांच्या बाबतीत तो आणखी किती काळ येऊ द्यावयाचा, हे आता नागरिकांनीच ठरवावयाचे आहे.