आधी वजन कमी करा, मग सायकल?

माझं वजन १०४ किलो आहे. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. दोन बाकांच्या मधून जाताना पोरं हसतात, तेव्हा मीही हसतो. पण साखर वाढली, डॉक्टरांनी दम दिला आणि मी एक वापरलेली माउंटन बाइक घेतली. पुढच्या फोर्कमध्ये हवेचं सस्पेन्शन असलेली.

फजरनंतर मरोळहून आरे कॉलनीत शिरायचं, छोटा काश्मीरपर्यंत जाऊन परतायचं, असा बेत होता. पण प्रत्येक खड्ड्यात फोर्क धाडकन तळाला आदळायचा. ब्रेक दाबला की सायकल पुढे झुकायची. मनगटं दुखायला लागली. एका दुकानात नेली, तर मालकाने मला वरून खाली पाहिलं. म्हणाला, "सर, आधी वजन कमी करा." मी मुकाट्याने परत आलो. दीड महिना सायकल गॅलरीत उभी राहिली आणि अम्मी तिच्यावर कपडे वाळत घालू लागली.

शेवटी सायकली दुरुस्त करणारा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने आवाज न दबवता विचारलं, "सर, तुमचं वजन किती? आणि फोर्कमध्ये हवा किती?" वजन मला ठाऊक होतं, हवेचं काहीच नाही. आधीचा मालक सडपातळ होता. हवा अजून त्याच्याच मापाची होती!

जागा कमी झाली की कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो, हा बॉइलचा नियम आपण शाळेत शिकलो. या फोर्कमध्ये तीच हवा स्प्रिंगचं काम करते. माणूस जड, तर दाब जास्त हवा. त्यासाठी शॉक पंप नावाचा वेगळा छोटा पंप मिळतो. टायरचा पंप इथे चालत नाही.

दाब बरोबर आहे की नाही, हे 'सॅग'वरून कळतं. फोर्कच्या चकचकीत नळीवरची रबरी रिंग खाली सरकवायची. नेहमीची बॅग, पाण्याची बाटली घेऊन पेडलवर उभं राहायचं, हळूच उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. माझा फोर्क १०० मिलिमीटर दबतो, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर सॅग ठीक. माझा ४५ निघाला. मग दहा-दहा पीएसआय वाढवत गेलो. दर वेळी फोर्क पाच-सहा वेळा हळू दाबायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. कंपनीने दिलेली दाबाची कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

दाब वाढला की फोर्क उसळतोही जोरात. म्हणून रिबाउंडचा नॉब सशाच्या चित्राकडून कासवाकडे थोडा फिरवायचा. सॅग बरोबर असूनही फोर्क तळाला लागत असेल, तर काही फोर्कमध्ये प्लास्टिकचे 'टोकन' बसवता येतात. हवेची जागा कमी होते आणि शेवटचा टप्पा कडक होतो. साध्या स्प्रिंगच्या फोर्कमध्ये मात्र प्रीलोडचा नॉब पिळून स्प्रिंग कडक होत नाही; जाड माणसाला जाड स्प्रिंगच बदलून घ्यावी लागते.

कुणी म्हणेल, वजन तर कमी करायलाच हवं ना? हवंच. शरीर ही अमानत आहे. सायकलीलाही कंपनीने घातलेली वजनाची मर्यादा असते, ती पाहूनच घ्यावी. स्पोक आणि ब्रेक नीट तपासावेत. पण ज्या साधनाने वजन उतरायचं, तेच वजन उतरेपर्यंत हाती द्यायचं नाही, हा कुठला न्याय? शेरवानी शिवणारा टेलर 'आधी बारीक व्हा' म्हणत नाही. टेप काढतो, माप घेतो.

दुकानदार भाईंनो, सायकल विकताना गिऱ्हाइकाचं वजन विचारा, त्याच्या मापाने हवा भरून द्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि माझ्यासारख्या जाड भाऊ-बहिणींनो, खड्ड्यात फोर्क आदळला म्हणून स्वतःला दोष देण्याआधी एकदा सॅग मोजा.

अम्मीला आता कपडे वाळत घालायला दुसरी जागा शोधावी लागली आहे.