मोबाइलवरचे कॉलेज आणि बापाचा खिसा

बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच देखावा दिसतो. पोरगं मोबाइल घेऊन बापाशेजारी बसतं. "आबा, हे बघा कॉलेज." उडत्या कॅमेऱ्यानं टिपलेली इमारत, पुढं हिरवळ, आत चकचकीत प्रयोगशाळा. बोट फिरवलं की अख्खा वर्ग गरागरा फिरतो. दिवसभर रानात राबून दमलेला बाप म्हणतो, "लई भारी हाय की!" झालं, कॉलेज ठरलं.

शेतकरी बंधूंनो, आपण बैल कधी फोटोवर घेतो का? दात बघतो, चालवून बघतो, मगच खिशात हात घालतो. मग पोराची चार वर्षं नुसत्या चित्रावर कशी सोडता?

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पुतण्याला असंच एक अभियांत्रिकी कॉलेज पडद्यावर पसंत पडलं. प्रवेश झाल्यावर कळलं, चित्रातली कार्यशाळा त्याच आवारातल्या दुसऱ्या कॉलेजची होती. वसतिगृहात पाणी दिवसाआड. कोरड्या नळाचं चित्र कोण कशाला दाखवील? चूक आमचीही होतीच. आम्ही एक प्रश्न विचारला नव्हता.

तरी मोबाइलवरच्या भेटीला मी नावं ठेवणार नाही. २०२० साली कोरोनात कॉलेजांना कुलपं लागली, तेव्हा हाच मार्ग उरला होता. दहा कॉलेजं हिंडायची म्हणजे एसटीचं भाडं, मुक्काम आणि ऐन पेरणीत कामाचा खाडा. मुलीच्या बाबतीत तर "एवढ्या लांब कुठं धाडायचं" म्हणून विषयच मिटतो. आता तिला ओट्यावर बसून राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर डोकावता येतं, आईलाही दाखवता येतं. हे काय थोडं झालं?

फक्त तयार फिल्मवर थांबू नका. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला व्हिडिओ कॉल करायला सांगा. आमच्या शाखेची प्रयोगशाळा दाखवा, मेस दाखवा, मोरी दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर काय ते समजा. आपल्या तालुक्याचा एखादा पोरगा तिथं शिकत असतोच; त्याला गाठा.

त्याच मोबाइलवर कागदही बघा. एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजला 'मँडेटरी डिस्क्लोजर' संकेतस्थळावर ठेवावं लागतं. त्यात जागा, शिक्षक, फी सारं असतं. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरणाकडून मंजूर होते. तो आकडा आणि कॉलेज मागतं तो आकडा शेजारी शेजारी मांडा.

खरी भीती एजंटाची आहे. तो फिल्म दाखवतो आणि म्हणतो, "जागा भरत आल्यात, आजच पैसे टाका." कॅपिटेशन फीला १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे, हे त्याला तोंडावर सांगा. शिवाय व्यवस्थापन कोट्यात शिरलात की सवलत हातची गेली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली, पण प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच हवा. घाईनं दिलेले दहा हजार पुढं लाखाला पडतात, ते असे.

सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) मंडळींना एक विनंती. पंचायतीचा संगणक नुसत्या दाखल्यांसाठी नाही. निकालानंतर एका संध्याकाळी बारावीची पोरं-पोरी आणि त्यांचे आईबाप बोलवा, ही कॉलेजं आणि हे कागद सगळ्यांसमोर उघडा. गावचा कोणी शिकून नोकरीला लागला असेल तर त्याला फोनवर घ्या. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला कोणाकोणाचा राहिलाय तेही तेव्हाच विचारा. तहसीलला रांग लागल्यावर धावपळ नको.

दहातली दोन कॉलेजं उरली की तिथं मात्र स्वतः जा. आगाऊ कळवू नका. पोरगं वर्गात डोकावेल, तुम्ही तोवर वसतिगृहाच्या नळाची तोटी फिरवून बघा.