सुईचे श्रेय कोणास?

फ्रान्सातील बायो गावचा भरतकामाचा प्राचीन पट ब्रिटिश म्युझियमास उसना देण्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ह्या जीर्ण वस्त्रास प्रवास सोसेल काय, ह्यावर मोठा वाद माजला. एका कापडाची एवढी चिंता वाहिली जाते. आणि आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून मात्र भरतकाम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा चाळा, हीच समजूत आजही दृढ आहे. ही समजूत केवळ अज्ञानाची नव्हे, तर अन्यायाचीही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा पट सुमारे ७० मीटर लांब व अर्धा मीटर रुंद आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले, ती कथा जवसाच्या कापडावर रंगीत लोकरीने भरलेली आहे. आकृतीची कड टिपून घ्यावी, आतील भागावर धागे शेजारी शेजारी पसरावे, त्यांवर आडवे धागे टाकावे आणि बारीक टाक्यांनी ते जखडावे, अशी ही रीत. काम बहुधा इंग्लंडात, लढाईनंतरच्या काही वर्षांत झाले. ते कोणाच्या हातचे, हे कोणी लिहून ठेवले नाही.

लोकांनी मात्र श्रेय वाटून टाकले! पुष्कळ काळ हा पट विल्यमच्या राणीने, मटिल्डेने, भरला अशी दंतकथा चालली. पुढे विद्वानांनी राणीस बाजूस सारून विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो ह्यास पुढे आणले. त्याने हे काम करविले असावे, हे आम्हांसही संभवनीय वाटते. परंतु करविणारा आणि करणारी ह्यांत काही भेद आहे की नाही?

ह्यावर कोणी म्हणेल, 'आराखडा कुशल चित्रकाराचा. सुईने केवळ त्याची आज्ञा पाळली.' अशा आक्षेपकांनी पटाचे सांधे पाहावे. हे वस्त्र नऊ तुकडे जोडून झाले आहे. पहिल्या सांध्यापाशी वरच्या किनारीच्या रेषा नीट जुळत नाहीत. पुढचे सांधे शोधूनच काढावे लागतात. म्हणजे हे हात काम करता करता शिकत गेले. नुसती आज्ञा पाळणारास ही सुधारणा साधत नाही.

पटाचे उत्तरायुष्यही बोधप्रद आहे. १४७६ च्या बायो चर्चच्या यादीत त्याची पहिली नोंद सापडते. वर्षातून एका उत्सवात तो चर्चमध्ये टांगला जाई. १७९२ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत गाडीवरील सामान झाकण्यास तो निघाला होता. गावच्या एका वकिलाने वाचविला. इंग्लंडवर स्वारीचे बेत करणाऱ्या नेपोलियनने १८०३ मध्ये तो पॅरिसात मांडला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यात आपल्या वंशाचा गौरव धुंडाळला. प्रत्येक सत्ताधीशाने पटावर हक्क सांगितला. सुईची चौकशी कोणीच केली नाही.

ती केली ती स्त्रियांनीच. इंग्लंडातील लीक गावच्या एलिझाबेथ वॉर्डल व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८८५–८६ मध्ये पटाची पूर्ण प्रतिकृती भरली आणि आपापल्या भागाखाली आपापली नावे टाक्यांनी घातली. मूळ कामानंतर आठशे वर्षांनी सुईला स्वतःची सही मिळाली.

आता आमच्या खानदेशाकडे पाहू. चाळीसगावाजवळच्या वाघळीचा शिलालेख शके ९९१ चा, म्हणजे जवळजवळ ह्या पटाचाच समकालीन. त्यात राजाचे व सामंताचे नाव आहे. दगड नाव राखतो ते दात्याचे. अमळनेरातही प्रतापशेठजींचे नाव हायस्कूलास व महाविद्यालयास आहे, आणि त्यांच्या दातृत्वास ते शोभते. परंतु प्रताप मिलच्या मागांवर राबलेले किती विणकर कोणास नावाने आठवतात? तांड्यांवरील बंजारा स्त्रिया आरसे व कवड्या जडवून फेटिया–कांचळी भरतात. ती दिवाणखान्यात टांगताना आम्ही 'लोककला' म्हणून मोकळे होतो, जणू ती लोकांनी भरली, कोणा एकीने नव्हे! घरोघरीच्या गोधड्यांची तीच गत. आजीच्या लुगड्याचे तुकडे आम्ही ओळखतो. ते जोडणारीचे नाव दुसऱ्या पिढीत पुसले जाते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हस्तकलेचे प्रदर्शन भरविणाऱ्या शाळांनी व महिला मंडळांनी प्रत्येक वस्तूखाली करणारीचे नाव व गाव लिहावे; विकत घेणाराने ते विचारून घ्यावे; आणि घरातील गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीने आपले नाव व साल दोऱ्यानेच घालावे. ह्यास पैसा लागत नाही, समितीही लागत नाही. एवढेही ज्यांस जड वाटेल, त्यांनी निदान आपल्या संस्कृतीच्या प्राचीनतेवर व्याख्याने तरी देऊ नयेत.