हक्क आधी सांगा, मग प्रश्न विचारा

पोलीस ठाण्यातून 'जरा येऊन जा' असा निरोप आला की आमच्या मोहल्ल्यात दोनच सल्ले मिळतात. वडीलधारे म्हणतात, 'विचारतील ते सांग, सही कर आणि मोकळा हो.' दोस्तमंडळी म्हणतात, 'काही दिवस गावी जा.' दोन्ही सल्ले घातक आहेत. पहिल्याने निरपराध माणूस अडकतो, दुसऱ्याने तो फरारी ठरतो.

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक मुलांकडून मूलभूत हक्क पाठ करून घेतो. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे घटनेचे कलम २०(३). १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही बरेच काही देते. माहितीसाठी बोलवायचे तर लेखी आदेश हवा. बाईमाणसाला चौकशीसाठी घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. अटक झालेल्याला चौकशीच्या काळात, सबंध वेळ नसले तरी, वकिलाला भेटता येते.

पण हे त्या माणसाला सांगायचे कोणी? अटकेचे कारण सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मात्र प्रश्न विचारण्यापूर्वी 'स्वतःला गोवणारे उत्तर देण्याची तुझ्यावर सक्ती नाही' असे सांगा, हे संहितेच्या एकाही कलमात नाही.

आणि ही मागणी काही आमची नवी नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे नाकारले. १९७८ साली त्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिले की, पोलिसांनी या हक्काची न चुकता जाणीव द्यावी, तशी नोंद करावी आणि माणूस साक्षर असेल तर त्याची लेखी पोच घ्यावी. २०२३ साली संसदेने सगळी संहिता नव्याने लिहिली, पण या वाक्याला तिथे जागा मिळाली नाही! माजी मुख्यमंत्र्यांना आपला हक्क ठाऊक होता. यंत्रमागावरच्या मजुराला तो कोण सांगणार?

'हक्क सांगितले तर गुन्हेगार सुटतील' असे म्हणणाऱ्यांनी मालेगाव आठवावे. २००६ च्या स्फोटानंतर नऊ मुसलमान पकडले गेले. काहींचे कबुलीजबाब मोक्काखाली घेतले गेले. २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली होती. विशेष म्हणजे, कबुली देण्याची सक्ती नाही हे आधी समजावून सांगा, असे मोक्काच्या कलम १८ मध्ये लिहिलेलेच आहे. म्हणजे कायद्यात असे लिहिता येते. पण नुसते वाक्य वाचून दाखवून भागत नाही. ते माणसाला समजले पाहिजे, आणि त्या वेळी वकील जवळ हवा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले की, अटकेची कारणे माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत. मग हाच न्याय चौकशीला का नको? मराठीत, उर्दूत, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत एक छापील कागद द्या, पोच घ्या आणि मग प्रश्न विचारा. ही मुसलमानांसाठी सवलत नाही. पारध्याच्या पोरालाही तो कागद तितकाच हवा आहे.

संसद हे करेल तेव्हा करेल. तोवर शाळा, अंजुमन आणि जुम्याचे मिंबर आपल्या हाती आहेत. तिथून हे हक्क सांगायला कोणाच्या परवानगीची गरज आहे?