घोड्याची मान आणि चाबूकस्वाराचा हात

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो व पुढे थोड्याच दिवसांनी नांदेड जिल्ह्यात माळेगावी खंडोबाच्या यात्रेत भरतो. अशा बाजारांत गिऱ्हाइकाची नजर प्रथम मानेवर जाते. हनुवटी छातीशी आणून, मान कमानीसारखी वळवून नाचणारा घोडा पुष्कळांना उमदा वाटतो. ती मान घोड्याने आपखुशीने वळविली आहे, की लगामाची दोरी खोगिरास करकचून बांधल्यामुळे ती तशी राहिली आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ही चौकशी व्हावयास हवी. बैल प्रसंगी तोंडाने धापा टाकतो. घोड्यास ते साधत नाही. त्याचा सारा श्वास नाकावाटे चालतो. डोके मानेशी अतिशय दुमडले म्हणजे घशातील श्वासमार्ग अरुंद होतो, आणि तोही नेमका श्रमाच्या वेळी, जेव्हा हवेची गरज अनेक पटींनी वाढलेली असते. दुसरी अडचण दृष्टीची. घोडा दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहतो ते नाकाच्या रोखाने. नाक छातीकडे वळले की ती नजर पायाशी येते व समोरची वाट दिसेनाशी होते. घोडा हा मूळचा भिऊन पळणारा प्राणी. दम पुरत नाही व पुढचे दिसत नाही अशा स्थितीत तो वरातीच्या गलबल्यात बिथरला, तर त्यास खोडकर म्हणणे अन्यायाचे होय.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी प्रयोगात १५ घोड्यांना दोन वाटा शिकविण्यात आल्या. एका वाटेने गेल्यास मान आवळून स्वारी होई, दुसरीने गेल्यास नेहमीची. पुढे निवड घोड्यांवर सोपविली, तेव्हा १४ घोड्यांनी बहुतेक वेळा दुसरीच वाट धरली. लाळेतील ताणदर्शक द्रव्याच्या मोजणीचे निष्कर्ष सर्वत्र सारखे आलेले नाहीत, हे खरे. परंतु घोड्यांनी स्वतः दिलेला हा कौल पुरेसा बोलका आहे. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही २०१० साली बळजबरीने मान दुमडणे अमान्य ठरविले.

डोके मोकळे सोडल्यास जनावर हाती राहत नाही, असे काही चाबूकस्वार म्हणतात. त्यांचा अनुभव दुर्लक्षिण्यासारखा नाही. घोड्याचे डोके वर उडू नये म्हणून छातीखालून बांधावयाच्या पट्ट्यास मराठीत जेरबंद म्हणत. आज तो शब्द पकडलेल्या वाघास लावतात, हेही सूचकच. परंतु आवर घालणे निराळे व आवळून ठेवणे निराळे. पाठ व मागचे पाय महिनोन्महिन्यांच्या मेहनतीने बळावले म्हणजे मान आपोआप उचलली जाते. दोरीने केवळ तिचे सोंग आणता येते.

शिकवणीच्या वेळी कपाळापासून नाकापर्यंतची रेषा उभी, किंवा नाक किंचित पुढे असावे. नाकपट्टीखाली दोन बोटे सहज जावीत. घोडा ऐकताच लगाम त्याच क्षणी सैल करावा व मधूनमधून त्यास मान लांबवू द्यावी. तोंड उघडे ठेवणे, शेपटी झटकत राहणे, डोके हिसडणे ही त्रासाची लक्षणे समजावीत. तबेल्यातही तोकड्या दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाजारापूर्वीच ही गोष्ट घोडेवाल्यांच्या व गिऱ्हाइकांच्याही कानी घालावी. घेणाऱ्याने बोली करण्याआधी दोरी सोडावयास सांगावी, घोडा मोकळ्या मानेने पन्नास पावले चालवून पाहावा, आणि मगच किंमत ठरवावी.